घरचा आवाज

रत्नागिरीच्या थिबा पॉइंटवर संध्याकाळी उभं राहिलं की खाली खाडी पसरलेली दिसते आणि मागे थिबा राजाचा वाडा. ब्रह्मदेशाच्या या शेवटच्या राजाला इंग्रजांनी इथे आणून ठेवलं, 1910 साली त्याच्यासाठी हा वाडा उभा राहिला आणि 1916 साली तो याच गावात वारला, एवढं रत्नागिरीचं शाळकरी पोरही सांगेल. राज्य कशावरून गेलं, हे फारसं कुणी सांगत नाही. निमित्त होतं सागवानाचं. ‘बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन’ ही 1863 साली मुंबईत निघालेली कंपनी ब्रह्मदेशातल्या जंगलांतला साग तोडून विकत असे. ओंडक्यांची खरी मोजदाद लपवून राजाचा हक्काचा पैसा बुडवला, असा ठपका ठेवून मंडालेच्या दरबाराने 1885 साली कंपनीला 23 लाख रुपये दंड केला. चढाई करायला इंग्रजांना तेवढं कारण पुरलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात मंडाले पडलं आणि पुढच्या वर्षी राजा कोकणात येऊन राहिला.

याच कंपनीत पुढे रॉडनी ड्रेक नावाचे एक इंग्रज इंजिनिअर नोकरीला होते. ब्रह्मदेश स्वतंत्र होऊन साडेपाच महिने झाले होते तेव्हा, 19 जून 1948 रोजी, रंगूनमध्ये त्यांना मुलगा झाला. त्याचं नाव निकोलस रॉडनी ड्रेक. जग त्याला निक ड्रेक म्हणून ओळखतं.

तोफा, आगबोटी आणि करारनाम्यांच्या गलक्यात उभ्या राहिलेल्या एका कंपनीच्या कुटुंबात जन्मलेला हा मुलगा आयुष्यभर इतकं हळू गायला, की त्याच्या हयातीत ते फार थोड्यांना ऐकू गेलं. त्याचे तीनच अल्बम निघाले, 1969, 1971 आणि 1972 साली. त्यांतल्या एकाचाही खप तेव्हा पाच हजार प्रतींच्या वर गेला नाही. वयाच्या 26व्या वर्षी तो गेला. मोठेपणी गाताना त्याचं एकही चलच्चित्र कुणाच्या हाती लागलेलं नाही. त्याची छापील मुलाखत म्हणाल तर एकच सगळ्यांना माहीत आहे, 1971 सालच्या ‘साउंड्स’ या साप्ताहिकातली. आज मात्र जगात कुठेही एखादा तरुण एकटा बसून गिटारवर स्वतःची गाणी करू लागला, की त्याला ज्यांची नावं सांगितली जातात त्यांत निकचं नाव असतंच.

मी त्याला पहिल्यांदा ऐकलं ते पुण्यातल्या एका भाड्याच्या खोलीत, मित्राने भरून दिलेल्या कॅसेटवर. शेजारी भिंतीपलीकडे कुणीतरी झोपलेलं, म्हणून आवाज अगदी बारीक ठेवलेला. दुसऱ्या गाण्याला लक्षात आलं, की आवाज वाढवायची गरजच नाही. गाणारा माणूस खोलीतच बसला होता. तेव्हापासून एक प्रश्न माझ्या डोक्यात राहिला आहे. गाण्यातली ही जवळीक येते कुठून? निकचं आयुष्य अकाली संपलं म्हणून लोक सगळं श्रेय त्याच्या दुःखाला देतात. मला ते पटत नाही. या जवळिकीचा उगम त्याच्या घरात आहे, आणि ती हातात उतरली ती मेहनतीने.

मॉलींचा पियानो

निकच्या आईचं नाव मॉली. त्यांचाही जन्म रंगूनचाच, 1915 सालचा. 1942 साली जपानी फौजा ब्रह्मदेशात घुसल्या तेव्हा मॉली आणि त्यांची बहीण नॅन्सी हिंदुस्थानात आल्या आणि दिल्लीला नातलगांकडे राहिल्या. तिथे या दोघींनी ‘लॉइड सिस्टर्स’ या नावाने ऑल इंडिया रेडिओवर कार्यक्रम केला. लॉइड हे त्यांचं माहेरचं आडनाव. 1944 साली लाहोरला मॉलींना मुलगी झाली, गॅब्रिएल. ती पुढे इंग्लंडमधली नावाजलेली अभिनेत्री झाली. निक रंगूनला जन्मला, त्यानंतर काही काळ हे कुटुंब मुंबईतही होतं. मग 1950 नंतर ते मायदेशी परतलं आणि वॉरिकशरमधल्या टॅनवर्थ-इन-आर्डन या छोट्या गावात ‘फार लेज’ नावाच्या घरात स्थिरावलं.

या घराच्या दिवाणखान्यात एक पियानो होता. त्यावर मॉली स्वतः रचलेली गाणी गात. छापून आणावीत, मंचावर जावं, रेकॉर्ड काढावी असा विचारही त्यात नव्हता. घरातली कामं उरकली, की त्या गायला बसत. रॉडनींना यंत्रांची आवड. घरी टेपरेकॉर्डर होता, त्यावर 1950च्या दशकात त्यांनी बायकोची ही गाणी भरून ठेवली. मॉली 1993 साली गेल्या. त्यांचा पहिला अल्बम जगापुढे आला तो त्यानंतर 20 वर्षांनी, 2013 साली. त्यात 19 गाणी आहेत.

ही गाणी ऐकताना मला राहून राहून जात्यावरची ओवी आठवते. दोन्हींच्या भाषेत, चालीत, जगण्यात काहीच साम्य नाही. पण पहाटे दळायला बसलेली बाई ओवी म्हणते तेव्हा समोर श्रोता नसतो, टाळी नसते, दाद नसते, आणि म्हणूनच तिला मनातलं थेट बोलता येतं. मॉलींच्या गाण्यांना तसाच आडोसा आहे. आवाज खुर्चीतून उठत नाही. ओळीच्या शेवटी तो जरासा खाली बसतो. सुखाच्या ओळीखाली डावा हात एखादा असा सूर धरतो, की ते सुख टिकणार नाही हे ऐकणाऱ्याला आधीच कळून चुकतं.

आता याच्या लगेच पाठीमागे निकचं कुठलंही गाणं लावून बघावं. मी अनेकदा लावलं आहे. तोच खाली बसणारा सूर, तोच अर्धवट उजेड. निकचे पहिले निर्माते जो बॉइड यांना मॉलींची गाणी फार उशिरा ऐकायला मिळाली. निकच्या गोष्टीतला गळालेला दुवा हाच, त्याच्या स्वरसंगतीची मुळं त्या पियानोत आहेत, असंच त्यांनीही म्हटलं आहे. आईला गाताना ऐकत वाढलेल्या मुलाला एक गोष्ट कुणी न शिकवता कळली असणार, की गाणं ही माणसाने घरात, आपल्यापुरती करायची गोष्ट आहे. पुढे त्याची ताकद हीच ठरली आणि अडचणही हीच.

तेरा पौंडांची गिटार

शाळेत निक मुळीच कोपऱ्यात बसणारा मुलगा नव्हता. मार्लबरो कॉलेज या निवासी शाळेत तो धावण्याच्या शर्यती गाजवायचा, पियानो, क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन वाजवायचा. मित्रांबरोबर त्याने एक बँडही काढला होता. 1965 साली 13 पौंडांना त्याने गिटार घेतली, आणि बाकीची वाद्यं मागे पडली.

1967च्या सुरुवातीला तो काही महिने दक्षिण फ्रान्समध्ये एक्स-आँ-प्रोव्हाँसला शिकायला गेला. शिक्षण बेताचंच झालं. गिटार मात्र रात्रंदिवस चालली. रस्त्यावर उभं राहून तो मित्रांबरोबर वाजवत असे. इंग्लंडमध्ये तेव्हा लोकसंगीताला नवी पालवी फुटलेली होती. दारूच्या गुत्त्यांच्या मागच्या खोल्यांत फोक क्लब भरत. बर्ट जान्श, जॉन रेनबर्न, डेव्ही ग्रॅहम अशा वादकांनी गिटारची बोटं कशी चालवावीत याची एक नवी शैलीच घडवली होती. निक या सगळ्यांच्या रेकॉर्ड ऐकून तासन्‌तास हात बसवत राहिला. जुनी लोकगीतं गोळा करून गाण्यात त्याला रस नव्हता. लोकसंगीतातून त्याने घेतली ती बैठक: एक माणूस, एक वाद्य, आणि समोर बसलेल्याला ऐकू जाईल एवढाच आवाज.

ऑक्टोबर 1967 मध्ये तो इंग्रजी साहित्य शिकायला केंब्रिजच्या फिट्झविल्यम कॉलेजात दाखल झाला. तिथे त्याला रॉबर्ट कर्बी हा संगीताचा विद्यार्थी भेटला. त्याच हिवाळ्यात लंडनच्या राउंडहाउस या नाट्यगृहात निकचं गाणं अॅशली हचिंग्जने ऐकलं. हचिंग्ज म्हणजे ‘फेअरपोर्ट कन्व्हेन्शन’ या गाजत असलेल्या फोक बँडचा बेसवादक. त्याने या मुलाचं नाव जो बॉइड यांच्या कानावर घातलं. बॉइड अमेरिकन, वय 25, लंडनमध्ये रेकॉर्ड काढण्याचा व्यवसाय करत. निकने त्यांना चार गाण्यांची टेप नेऊन दिली. विसाव्या वर्षाच्या आत निकला करार मिळाला.

चेल्सीची जुनी डेअरी

लंडनच्या चेल्सी भागात ‘साउंड टेक्निक्स’ नावाचा स्टुडिओ होता. ती इमारत मुळात दूधडेअरीची. जॉन वुड तिथले ध्वनिमुद्रक. निकची तिन्ही ध्वनिमुद्रणं त्यांच्या हातची आहेत.

पहिल्या अल्बमच्या वेळची एक गोष्ट सगळ्यांनी लक्षात ठेवावी अशी आहे. तंतुवाद्यांची संगत बांधायला बॉइड यांनी एक अनुभवी संयोजक बोलावला होता. त्याचं काम निकला आवडलं नाही. फारसं न बोलणारा, वीस वर्षांचा, पहिलीच रेकॉर्ड करणारा हा मुलगा म्हणाला, की केंब्रिजला माझा एक मित्र आहे, त्याच्याकडून करून घेऊ. तो मित्र म्हणजे कर्बी. त्याने आजवर एकही रेकॉर्ड केलेली नव्हती. बॉइड यांनी धोका पत्करला, वादक बोलावले, आणि ‘वे टू ब्लू’ची संगत पहिल्यांदा वाजली तेव्हा स्टुडिओतल्या सगळ्यांना कळलं, की मुलाचं बरोबर होतं. त्या गाण्यात गिटार नाहीच. नुसता तंतुवाद्यांचा मेळ आणि त्यावर एक गळा. हळू बोलणारा माणूस कच्चा असतो हा समज निकच्या बाबतीत इथेच खोटा पडतो. आपल्या गाण्याला काय हवं आणि काय नको, हे त्याला नेमकं ठाऊक होतं.

‘रिव्हर मॅन’ हे एक गाणं मात्र कर्बीला झेपेना. निकला त्यात डेलियस या इंग्रज संगीतकाराच्या वळणाची तंतुवाद्यं हवी होती. ते काम हॅरी रॉबिन्सन या चित्रपटांना संगीत देणाऱ्या जाणत्या संयोजकाने केलं. मुद्रणाच्या वेळी निक वादकांच्या मधोमध बसला, आणि गाणं, गिटार, तंतुवाद्यं सगळं एकदमच मुद्रित झालं. गाणं पाच मात्रांचं आहे. इंग्रजी गाण्यात पाच मात्रा सहसा भेटत नाहीत. आपल्याला झपतालाची सवय असल्यामुळे त्या अर्ध्या आवर्तनाचा हेलकावा लगेच ओळखीचा वाटतो. पाय पुढे पडतो, क्षणभर थांबतो, मग पुन्हा उचलतो. नदीकाठाने चालणाऱ्या माणसाची चाल यात आहे. या गाण्याचा ठाव घ्यायचा मोह पुढे ब्रॅड मेल्डाउ यांच्यासारख्या जाझ पियानोवादकालाही झाला.

1969 साली अल्बम निघाला: ‘फाइव्ह लीव्ह्ज लेफ्ट’. सिगारेट वळायच्या कागदांच्या पुडक्यात शेवटी पाच पानं उरली, की तशी सूचना छापलेला एक कागद येत असे. नाव तिथून घेतलेलं. पहिली प्रत हातात आली तेव्हा निक बहिणीच्या खोलीत गेला, ‘हे घे’ अशा अर्थाचं काहीतरी पुटपुटत रेकॉर्ड पलंगावर टाकली आणि निघून गेला. आपला भाऊ रेकॉर्ड करतो आहे, हे गॅब्रिएलला तेव्हा नीट समजलं.

अंगठा, तारा आणि गळा

निकच्या शैलीबद्दल बोलताना लोक ‘तरल’, ‘स्वप्नाळू’ असे शब्द वापरतात. ऐकणाऱ्याला तसं वाटतं हे खरं. करणाऱ्याचे हात मात्र कमालीचे काटेकोर आहेत.

त्याच्या उजव्या हाताचा अंगठा खर्जाच्या तारांवर ठेका धरतो आणि उरलेली बोटं वरच्या तारांवर सूर विणतात. एकाच हातात तबला आणि पेटी असावी तसं. हा अंगठा कधी घसरत नाही, घाई करत नाही. निकची गाणी वाजवू पाहणारे चांगले वादकही इथेच अडतात, कारण सूर सापडतात, पण तो शांत, न थकणारा नेम सापडत नाही.

दुसरी गोष्ट तारांची. गिटारच्या सहा तारा लावायची एक रूढ पद्धत आहे, आणि बहुतेक वादक आयुष्यभर तीच पाळतात. निक गाण्यागणिक तारा वेगळ्या लावी. ‘पिंक मून’ या गाण्याचं उदाहरण घेऊ. सर्वांत जाड तार षड्ज मानली, तर सहा तारा अनुक्रमे सा, प, सा, म, सा, ग अशा लागतात. एकही बोट न टेकवता गिटार छेडली तरी मध्यम आणि त्याच्यावरचा गंधार एकत्र झंकारतात. मध्यम गंधाराकडे उतरायला बघतो आणि उतरत नाही. गाणं ना हसरं राहतं, ना रडवं होतं. मॉलींच्या डाव्या हातात पियानोवर जे घडायचं, ते मुलाने गिटारच्या खुंट्या पिळून मिळवलं.

तिसरा गळा. आवाज खालच्या पट्टीतला, श्वास मिसळलेला. ओळ ठेक्यावर सुरू होत नाही, ठेका पुढे गेल्यावर जरा मागून येते आणि आपल्या मर्जीने संपते. खाली गिटार घड्याळासारखी चालते आणि वर शब्द झोपाळ्यावर बसल्यासारखे मागेपुढे होतात. आपल्याकडे ख्याल ऐकलेल्या माणसाला यातली मजा सांगावी लागत नाही. लय पक्की असल्याशिवाय असं रेंगाळता येत नाही.

आणि चौथा, मायक्रोफोन. आपल्याकडे भावगीत रुजलं ते मायक्रोफोन आणि रेडिओ आल्यावर, कारण गळा न ताणता, शब्दाचा पदर न चुरगळता हजारोंपर्यंत पोचता येऊ लागलं. निकचं गाणंही मायक्रोफोनशिवाय उभंच राहू शकत नाही. जॉन वुड यांनी त्याचा आवाज असा टिपला, की ओठ विलग होण्याची चाहूलही लागते. हे गाणं कानापासून वीतभर अंतरावर ऐकण्यासाठीच केलेलं आहे.

दोन गाण्यांमधली शांतता

24 सप्टेंबर 1969 रोजी लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये फेअरपोर्ट कन्व्हेन्शनच्या आधी निक गायला. बँडच्या गाडीला मे महिन्यात भीषण अपघात झाला होता, त्यानंतरचं त्यांचं हे मोठं पुनरागमन. श्रोते जाणते होते आणि मन लावून ऐकत होते. निक बसला, गायला, एक शब्द न बोलता उठला. लोकांनी दाद दिली. बॉइड यांना वाटलं, गडी पुढे जाणार.

मग गावोगावच्या क्लबांचे कार्यक्रम सुरू झाले, आणि तिथे सगळं विस्कटलं. त्याची कारणं त्याच्या शैलीतच होती. प्रत्येक गाण्याला तारा वेगळ्या, म्हणजे दोन गाण्यांमध्ये खुंट्या पिळत बसणं आलं. दुसरा गायक तेवढ्या वेळात गंमत सांगतो, लोकांना हसवतो, धरून ठेवतो. निक मान खाली घालून तारा लावत राही. लोक बोलू लागत, ग्लास किणकिणू लागत, आणि पुढचं गाणं सुरू व्हायचं तेव्हा ते ऐकू येण्याइतकी शांतता उरलेली नसे. आवाज चढवणं त्याच्या गाण्यात बसतच नव्हतं. घरात गाणं हळू गायलं जातं कारण घरातली माणसं थांबून ऐकतात. गुत्त्यात ती सोय नव्हती.

केंब्रिजची पदवी हातात यायला नऊ महिने होते, तेव्हा त्याने शिक्षण सोडलं होतं. वडिलांनी पत्रं लिहून समजावलं, पण त्याचा निश्चय पक्का होता. जून 1970 मध्ये यूएल इथल्या तंत्रशिक्षण महाविद्यालयात ‘फ्रूट ट्री’ हे गाणं अर्ध्यावर टाकून तो मंचावरून निघून गेला. त्यानंतर तो लोकांपुढे फारसा गायलाच नाही.

दोन रात्री

दुसरा अल्बम ‘ब्रायटर लेटर’ मार्च 1971 मध्ये निघाला. यात फेअरपोर्टचे वादक आहेत, ड्रम आहेत, कर्बीचा वाद्यमेळ आहे, दोन गाण्यांत ‘व्हेल्व्हेट अंडरग्राउंड’ या बँडमधून बाहेर पडलेला जॉन केल आहे. ‘नॉर्दर्न स्काय’मधली त्याची सेलेस्टा, म्हणजे पेटीसारखं दिसणारं घंटानादाचं वाद्य, चांदणं सांडावं तशी वाजते. निर्मितीच्या दृष्टीने बॉइड आणि वुड यांना ही आपली सर्वांत निर्दोष रेकॉर्ड वाटे. ती तीन हजारही खपली नाही. कार्यक्रम नाहीत, मुलाखती नाहीत, मग लोकांना कळणार तरी कसं? त्याच सुमारास बॉइड आपली संस्था ‘आयलंड रेकॉर्ड्स’ला विकून अमेरिकेला गेले. निकचा आधार लांब गेला.

ऑक्टोबर 1971 मध्ये निकने जॉन वुड यांना गाठलं आणि रेकॉर्ड करायची आहे म्हणून सांगितलं. दिवसा स्टुडिओ दुसऱ्यांनी घेतलेला असे, म्हणून रात्री अकराला काम सुरू व्हायचं. आत निक आणि त्याची गिटार, काचेपलीकडे वुड. तिसरं कुणी नाही. दोन रात्रींत अकरा गाणी झाली. यावर आणखी काय चढवायचं, असं वुड यांना वाटत होतं. निकला काहीच चढवायचं नव्हतं. फेब्रुवारी 1972 मध्ये निघालेला ‘पिंक मून’ जेमतेम 28 मिनिटांचा आहे.

अनेकजण हा अल्बम खचलेल्या माणसाची शेवटची हाक म्हणून ऐकतात. तो खचलेला होता, यात शंका नाही. पण अंगठा ऐका. ‘रोड’ ऐका, ‘थिंग्ज बिहाइंड द सन’ ऐका. इतका स्वच्छ, इतका सावध हात त्याने याआधी कधी लावलेला नव्हता. ‘हॉर्न’मध्ये तर शब्दच नाहीत, मोजके सूर आणि त्यांच्यामध्ये मोठमोठ्या मोकळ्या जागा. आजार त्याच्याकडून एकेक गोष्ट काढून घेत होता, आणि उरलेल्या शक्तीने तो काम करत होता. हे गाणं आजाराने केलं नाही, आजारी असतानाही निकने केलं.

परत फार लेजला

त्यानंतर तो आईवडिलांकडे परतला. उपचार चालले होते, औषधं होती, काही आठवडे रुग्णालयातही काढावे लागले. कधी तो गाडी काढून निघे आणि पेट्रोल संपलं की वडिलांना फोन करी. रॉडनी त्या काळात मुलाबद्दल रोजनिशी लिहीत. आज दिवस कसा गेला, जेवला का, बोलला का. आपण ज्याला हात घातला त्यात अपयशी ठरलो, असं निक आईला म्हणाला होता. मित्र हेलावले होते. जॉन मार्टिन या गायकाने 1973 साली आपल्या ‘सॉलिड एअर’ या अल्बमचं शीर्षकगीत निकला उद्देशूनच लिहिलं.

1974 साली निक पुन्हा वुड आणि बॉइड यांच्याबरोबर स्टुडिओत गेला. गिटार आणि गळा एकाच वेळी सांभाळणं त्याला आता जमत नव्हतं. आधी गिटार मुद्रित केली, मग त्यावर आवाज. ज्या दोन गोष्टी वेगवेगळ्या असतील असं त्याचं गाणं ऐकताना कधी वाटलंच नव्हतं, त्या वेगळ्या कराव्या लागल्या. 25 नोव्हेंबर 1974 रोजी पहाटेच्या सुमारास, आपल्या लहानपणच्या खोलीत, नैराश्यावरच्या औषधाची मात्रा जास्त झाल्याने त्याचा मृत्यू झाला. चौकशी अधिकाऱ्याने आत्महत्येचा निष्कर्ष नोंदवला. जवळच्यांपैकी काहींना तो कधी पटला नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. पहिल्या अल्बमनंतर पाच वर्षांनी तो गेला म्हणून त्या ‘पाच पानां’त लोकांनी भाकीत शोधलं. ‘फ्रूट ट्री’ हे मरणोत्तर कीर्तीबद्दलचं गाणं त्याने विशीत लिहिलं, म्हणून त्याला स्वतःचं भविष्य दिसलं होतं असंही म्हटलं गेलं. अशा गोष्टी सांगायला गोड लागतात, पण त्या माणसाला दुसऱ्यांदा पुसून टाकतात. नैराश्य हा आजार आहे. त्यात कलेचं बी नसतं. निक आणखी 40 वर्षं जगता, तर आणखी 40 वर्षांची गाणी आपल्याला मिळती, एवढाच त्या मृत्यूचा हिशोब आहे.

जवळ येणारे लोक

बॉइड यांनी संस्था विकताना करारात एक अट घातली होती: निकच्या रेकॉर्ड बाजारातून कधीही काढून टाकायच्या नाहीत. या एका ओळीने पुढचं सगळं शक्य झालं. खपत नसलेल्या शेकडो रेकॉर्ड तेव्हा यादीतून गळत होत्या, निकच्या मात्र दुकानात एखाददुसरी का होईना, सापडत राहिल्या.

मग लोक येऊ लागले. इंग्लंडमधून, अमेरिकेतून, युरोपातून तरुण मुलंमुली शोधत शोधत टॅनवर्थला येत आणि फार लेजचं दार वाजवत. रॉडनी आणि मॉली त्यांना आत घेत, त्याची खोली दाखवत, घरी भरलेल्या त्याच्या टेप ऐकवत. 1979 साली तिन्ही अल्बम एकत्र करून ‘फ्रूट ट्री’ हा संच निघाला. 1985 साली ‘ड्रीम अकॅडमी’ या बँडने आपलं जगभर गाजलेलं गाणं निकला अर्पण केलं. कॅसेटवरून कॅसेट होत नाव पसरत राहिलं. पुण्यातल्या त्या खोलीपर्यंत ते असंच आलं.

1999 साली अमेरिकेत फोक्सवॅगनने एका जाहिरातीत ‘पिंक मून’ वापरलं. चार तरुण रात्री उघड्या मोटारीतून चालले आहेत, वर चांदणं आहे. पार्टीच्या घरापाशी पोचतात, आतला दंगा बघतात, एकमेकांकडे पाहतात, आणि गाडी मागे घेऊन पुन्हा रस्त्याला लागतात. जाहिरात मोटारीची होती, पण निकचं गाणं कुणासाठी आहे हे इतक्या थोडक्यात दुसऱ्या कुणाला सांगता आलेलं नाही. काही आठवड्यांत अमेरिकेतला त्याचा खप कित्येक पटींनी वाढला. एव्हाना लोकांच्या कानांत हेडफोन आले होते. कानापासून वीतभर अंतरावर ऐकायचं गाणं आता खरोखरच तिथे पोचत होतं.

गॅब्रिएलने भावाचा वारसा नेटाने सांभाळला. 2014 साली पत्रं, आठवणी आणि वडिलांची रोजनिशी एकत्र करून तिने ‘रिमेम्बर्ड फॉर अ व्हाइल’ हा ग्रंथ सिद्ध केला. त्याच्या आदल्या वर्षी आईची गाणी निघाली. 1950च्या दशकातल्या त्या घरगुती मुद्रणांवर शेवटचा हात फिरवला जॉन वुड यांनी. मुलाचा आवाज ज्यांनी दोन रात्री काचेपलीकडून टिपला, त्यांच्याच हातून चाळीस वर्षांनी आईचा आवाज जगापुढे आला.

हे वाचलं त्या दिवशी मी ‘पिंक मून’ पुन्हा लावला. 28 मिनिटं नुसती गिटार आणि गळा. काही चढवायचं नाही, असं निकने ठरवलं होतं. पण त्याने स्वतःच तो नेम एकदा मोडला आहे, अगदी पहिल्याच गाण्यात. ओळी संपतात, गिटारचा ठेका चालू राहतो, आणि वरून दुसऱ्या एका वाद्याचे मोजके सूर हलकेच उतरत येतात. काही क्षणच. मग अल्बम संपेपर्यंत ते वाद्य परत येत नाही.

तो पियानो आहे.